परग्रहीय बुद्धिमान जीव : संभाव्य देहरूपे

पृथ्वीबाहेर उत्क्रांत झालेल्या बुद्धिमान सजीवांची शरीरे कशी असू शकतील, याचा भौतिकी आणि जीवशास्त्र यांच्या आधारे केलेला विचार. अशा जीवांचा एकही पुरावा अद्याप हाती आलेला नाही. म्हणून हा सारा विचार पृथ्वी या एकाच उदाहरणावर उभा आहे. त्या उदाहरणाचे काही बोलके तपशील पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या शेजारच्या तालुक्यांत मिळतात : खोडदची रेडिओ दुर्बीण, बोरी बुद्रुकची दगडी हत्यारे आणि भीमाशंकरचे जंगल.

खोडदची दुर्बीण : नारायणगावजवळच्या खोडदला आणि भोवतालच्या पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या उभ्या आहेत, 14 मध्यभागी दाटीने, उरलेल्या 16 तीन भुजांवर विखुरलेल्या. ‘जीएमआरटी’ नावाने ओळखली जाणारी ही दुर्बीण गोविंद स्वरूप (1929–2020) यांच्या कल्पनेतून साकारली. तिचे मुख्य काम दीर्घिका, स्पंदक तारे आणि हायड्रोजनचे ढग यांचा वेध घेण्याचे आहे. मात्र दूरच्या यंत्राचा आवाजही तिला ओळखता येतो. 19 ऑक्टोबर 2016 रोजी मंगळावर उतरणाऱ्या ‘स्कियापारेली’ या युरोपीय यानाचा क्षीण संदेश खोडदला टिपला गेला. परग्रहीय संदेश 1420 मेगाहर्ट्‌झच्या आसपास शोधावेत, अशी सूचना भौतिकशास्त्रज्ञ कोक्कोनी आणि मॉरिसन यांनी 1959 मध्ये केली होती; ही कंप्रताही जीएमआरटीच्या आवाक्यात येते.

अशा शोधात जीव दिसत नाही, त्याने बनवलेले यंत्र ऐकू येते. त्यामुळे शोधता येण्याजोग्या देहावर काही अटी आपोआप पडतात. त्याला वस्तू धरता, वळवता आणि जोडता आली पाहिजे. धातू वितळवण्याइतकी उष्णता हाताळता आली पाहिजे. आणि एका पिढीने शिकलेले पुढच्या पिढीला देता आले पाहिजे.

हात : कुकडी नदीच्या काठी बोरी बुद्रुक येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच्या सान्निध्यात अशूलियन पद्धतीच्या हातकुऱ्हाडी सापडल्या. राखेच्या वयाबद्दल संशोधकांत मोठा मतभेद आहे. सुमात्रातील टोबा ज्वालामुखीचा सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीचा उद्रेक ते 14 लाख वर्षे, अशी वेगवेगळी उत्तरे दिली गेली आहेत. वय कोणतेही ठरो, दोन्ही अंगांनी घडवलेला तो दगड मोकळे हात, समोर रोखलेले दोन डोळे आणि पुढचा घाव आधीच योजणारा मेंदू यांची साक्ष देतो. जुन्नरच्या उसात वावरणारा बिबट्याही हुशार आहे. माणसांच्या वस्तीलगत राहण्याची रीत त्याने आत्मसात केली. पण त्याचा पंजा धावण्यासाठी आणि भक्ष्य धरण्यासाठी घडला आहे, दगड घडवण्यासाठी नाही.

हातच हवा, असेही नाही. हत्तीची सोंड हाडाशिवाय उचलते आणि उपटते. न्यू कॅलेडोनियाचे कावळे चोचीने काटकीचा आकडा बनवतात. दोन हात, दोन पाय ही माणसाची ठेवण माशांच्या परांच्या दोन जोड्यांतून आलेली आहे. त्या माशांना परांच्या तीन जोड्या असत्या, तर जमिनीवरच्या पृष्ठवंशीयांना कदाचित सहा अवयव लाभले असते.

समान अडचण, समान अवयव : भीमाशंकरच्या रानात दिवसा पक्षी उडतात, रात्री वटवाघळे. दोघांचे पंख वेगळ्या वाटांनी उत्क्रांत झाले. पावसाळ्यात तिथली काही बुरशी अंधारात उजळते, त्याआधी काजवे चमकतात. प्रकाश निर्माण करण्याची ही युक्ती सजीवसृष्टीत अनेकदा स्वतंत्रपणे घडून आली आहे. सह्याद्रीतील देवगांडूळ बेडकांच्या कुळाजवळचे असूनही मातीत राहून सापांप्रमाणेच पाय गमावून बसले. वेगळ्या वंशांत अशी सारखी ठेवण स्वतंत्रपणे घडण्यालाच अभिसारी उत्क्रांती म्हणतात. पुराजीवशास्त्रज्ञ सायमन कॉनवे मॉरिस यांच्या मते ती इतकी सार्वत्रिक आहे, की बुद्धिमान जीव अन्यत्रही आपल्याशी मिळतेजुळते असतील. पुराजीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी उलट बाजू मांडली : पृथ्वीवरचा खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, तर माणूस निपजेलच असे नाही.

दोन्ही बाजूंना धरून काही अंदाज ठामपणे बांधता येतात. एका दिशेने सरकणाऱ्या प्राण्याचे तोंड, डोळे आणि मेंदू पुढच्या टोकाशी एकवटण्याकडे कल असतो. लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होते, हाडाचा छेद मात्र चौपटच. म्हणून जास्त गुरुत्वाच्या ग्रहावर प्राणी बुटके, जाड पायांचे किंवा अनेक पायांचे असणे संभवते. चित्रपटांतला हत्तीएवढा कोळी पृथ्वीवर आपल्याच वजनाने कोसळेल. आकाराचा हा हिशेब जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1920 च्या दशकात सोप्या भाषेत मांडला.

पाण्यातली बुद्धी : ऑक्टोपसला सुमारे 50 कोटी मज्जापेशी असतात आणि त्यांतल्या बहुसंख्य भुजांमध्ये. त्याचा डोळा माणसाच्या डोळ्यासारखा, पण स्वतंत्रपणे घडलेला आहे. मात्र तो बहुधा एकदोन वर्षेच जगतो आणि आपल्या पिल्लांना काही शिकवत नाही. त्यातून पाण्यात आग पेटत नाही. युरोपा किंवा एन्सेलॅडस या उपग्रहांच्या बर्फाखालील समुद्रात कोणी विचार करत असेल, तरी धातुविद्येवाचून त्याचा रेडिओसंदेश निघणे अवघड.

ग्रहाविना देह : खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्या ‘द ब्लॅक क्लाउड’ (1957) या कादंबरीत तर आंतरतारकीय ढगच बुद्धिमान आहे. हॉईल यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी मात्र शोध सूक्ष्मजीवांपासून सुरू केला. त्यांच्या पुढाकाराने 2001 मध्ये हैदराबादहून सोडलेल्या बलूनने 41 किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली. तिच्यातले सूक्ष्मजीव अवकाशातून आले की पृथ्वीवरून वर गेले, यावर एकमत झालेले नाही.

पृथ्वीवर जीवसृष्टी किमान साडेतीनशे कोटी वर्षे आहे. प्राणी त्यातल्या शेवटच्या साठेक कोटी वर्षांत आले. रेडिओलहरी दूरवर पाठवणारी यंत्रे केवळ 130 वर्षांची आहेत. दुसऱ्या ग्रहावरच्या एखाद्या खोडदला पृथ्वीवरचे जीवन ऐकू येऊ शकते ते फक्त या अखेरच्या काळातले.