शेवटचा शब्द कोणाचा?



माघ वद्य नवमीस सज्जनगडावर दासनवमीचा उत्सव होतो. साताऱ्याहून परळीच्या वाटेनें त्या दिवशीं माणसांची रीघ लागते. परंपरा अशी सांगते कीं, देह ठेवण्यापूर्वीं पांच दिवस समर्थांनीं अन्न आणि पाणी सोडलें होतें. भोवतीं शिष्यमंडळी होती. परंतु गुरूंच्या तोंडांत कोणीं बळेंच दूध ओतल्याचें कोणी सांगत नाहीं. आपल्या शास्त्रकारांनीं या मार्गास प्रायोपवेशन असें नांव दिलें आहे.

मला आज बोलावयाचें आहे तें यांतून उठणाऱ्या एका प्रश्नाविषयीं. मरणोन्मुख माणसाच्या देहावर अखेरचा शब्द कोणाचा? त्याचा स्वतःचा, आप्तांचा, वैद्याचा, कीं सरकारचा? प्रश्न कोर्टांतला व परका वाटतो खरा. पण सातारा-सांगलीच्या इतिहासांत तो अनेकदां उभा राहिला आहे, आणि त्याचीं उत्तरें एकसारखीं नाहींत.

सांगलीच्या बाजूस जैन समाज मोठा आहे, व त्यास सल्लेखनेचें व्रत अपरिचित नाहीं. सांगलीनजीकच्या समडोळी गांवीं १९२४ सालीं शांतिसागर महाराजांस आचार्यपद मिळालें. ते मूळचे भोज गांवचे. जन्म १८७२ चा. उत्तरायुष्यांत त्यांची दृष्टि क्षीण होत गेली. तुम्हांआम्हांस दृष्टि गेली तर काठी घेऊन, कोणाचा हात धरून दिवस काढतां येतात. दिगंबर मुनीस तें साधत नाहीं. पावलाखालीं जीव चिरडूं नये म्हणून त्यास वाट निरखून चालावें लागतें, ओंजळींत पडलेलें अन्नही पाहून घ्यावें लागतें. डोळे गेले म्हणजे व्रत गेलें. १९५५ च्या ऑगस्टमध्यें कुंथलगिरीस त्यांनीं सल्लेखना घेतली आणि सुमारें पांच आठवड्यांनीं, १८ सप्टेंबरला, त्यांचें देहावसान झालें.

या व्रताचे नियम वाचण्यासारखे आहेत. ज्यावर उपाय उरला नाहीं असें संकट, दुष्काळ, वार्धक्य किंवा रोग आला असतांच तें घ्यावें, असें समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारांत सांगितलें आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रांत व्रताचे जे दोष मोजले आहेत त्यांत जगण्याची हांव हा जसा दोष, तशी मरण लवकर यावें ही इच्छाही दोषच. २०१५ च्या ऑगस्टमध्यें राजस्थानच्या उच्च न्यायालयानें हें व्रत आत्महत्येंत जमा केलें, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानें त्या निकालास स्थगिति दिली. आत्महत्या करणारास मरण हवें असतें. येथें तर मरणाची आसक्तिही वर्ज्य. मला हा भेद महत्त्वाचा वाटतो.

विनोबांचें उदाहरण याहून जवळचें आहे. १९१७ च्या सुमारास साबरमतीच्या आश्रमांतून वर्षभराची रजा घेऊन ते वाईस आले व प्राज्ञपाठशाळेंत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशीं शिकले. नोव्हेंबर १९८२ मध्यें पवनारला त्यांस हृदयविकाराचा झटका आला. कांहीं दिवसांत त्यांनीं अन्न, पाणी व औषध तिन्ही नाकारलीं. डॉक्टर होते, साधनें होतीं, विनवण्याही झाल्या. परंतु सक्ति कोणीं केली नाहीं. १५ नोव्हेंबरला, वयाच्या ८७ व्या वर्षीं, ते गेले. मी तेव्हां नुकताच मास्तर झालों होतों. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडतांच शिक्षकांच्या खोलींत वाद जुंपला, ही आत्महत्या कीं समाधि? मीं मोठ्या आवेशानें समाधीची बाजू घेतली. तेव्हां बोलणें सोपें होतें.

येथवरचें चित्र उज्ज्वल आहे. पण इतिहास शिकविणारानें सज्जनगड दाखवावा आणि माहुली लपवावी, हें बरें नव्हे.

साताऱ्यापासून जवळच, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुली आहे. तेथें छत्रपति शाहूंची समाधि आहे. १५ डिसेंबर १७४९ रोजीं महाराज वारले, आणि त्यांच्यामागें राणी सकवारबाई सती गेल्या. वारसाच्या प्रश्नावरून त्यांची व बाळाजी बाजीराव पेशव्यांची तेढ होती. ग्रँट डफ हा १८१८ पासून कांहीं वर्षें इंग्रजांचा प्रतिनिधि म्हणून साताऱ्यास होता. १८२६ सालीं छापलेल्या आपल्या इतिहासांत तो सांगतो कीं, आपला बेत झांकण्यासाठीं सकवारबाई आपण सती जाणार असें बोलत असत. महाराज जातांच पेशव्यांनीं त्यांस निरोप धाडला, तो असा कीं, बाईसाहेबांनीं सती जाण्याचा विचारही करूं नये, आम्ही सेवक आज्ञेंत आहों. मानी स्त्रीस डिवचण्यास एवढें पुरे होतें. शिवाय त्यांचे बंधु कुंवरजी शिर्के यांस बोलावून, बहीण सती न गेली तर कुळास कसा बट्टा लागेल तें समजाविलें, आणि वर कोंकणांत जहागिरीचें वचन दिलें. डफ परका, पेशव्यांशीं त्याची सहानुभूति बेताचीच. त्याचा शब्दन् शब्द प्रमाण माना असें मी म्हणत नाहीं. तरी हा वृत्तान्त वाचला म्हणजे मन थिजतें. सती जाणार हे शब्द बाईंचेच होते. इच्छा मात्र भलत्यांचीच. जहागीर भावास, अब्रू कुळास, आणि चिता तेवढी बाईंची!

तेव्हां रोग्याची इच्छा म्हणून जी पुढें येते ती कोणीं विचारली, केव्हां विचारली, व विचारणाराचा तींत लाभ कोणता, हें पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. आज खर्चापायीं घरचे लोक रोग्यास हलवितात आणि 'त्यांचीच तशी इच्छा होती' म्हणतात, तेव्हां मला माहुली आठवते.

उलट टोंकही आहे. १८९४ सालीं डॉक्टर वान्लेस यांनीं मिरजेस मिशन हॉस्पिटल स्थापिलें आणि पाहतां पाहतां मिरज हें वैद्यकाचें क्षेत्र बनलें. जे रोग म्हणजे मरणच अशी समजूत होती ते बरे होऊं लागले. हा उपकार लहान नव्हे. पण पुढच्या शंभर-सवाशें वर्षांत मरणाची जागा माजघरांतून अतिदक्षता विभागांत गेली, आणि तेथें रोग्यास विचारण्याची पद्धत पडली नाहीं. माझे थोरले बंधु फुप्फुसाच्या विकारानें एका रुग्णालयांत होते. घशांत नळी असल्यामुळें बोलतां येत नव्हतें. दोनदां त्यांनीं नळीकडे व मग दाराकडे बोट केलें. पुढें नळी उपटूं नये म्हणून त्यांचे हात खाटेस बांधले. ती खूण मला कळली होती. पण भावास मरूं दिलें असें चार लोक म्हणतील या भीतीनें उपचार चालू ठेवण्याच्या कागदावर मीं सही केली. अकरा दिवसांनीं ते तेथेंच गेले. १९८२ सालीं समाधीची बाजू घेणारा तो मीच.

कायद्याची वाटचाल थोडक्यांत सांगतों. १९८६ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें एका पोलिस शिपायाच्या अर्जावर, आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा देणारें कलम अवैध ठरविलें. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें मत नाकारलें. केईएम रुग्णालयाच्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या अत्याचारानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ तशाच पडून होत्या. त्यांस मरूं द्यावें हा अर्ज २०११ सालीं नामंजूर झाला. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचाही त्यास विरोध होता. परंतु त्याच निकालानें, अशा रोग्याचा उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीनें थांबविण्याची वाट मोकळी केली. स्वतः अरुणाबाईंस काय हवें होतें हें विचारण्याची सोय कोणासच नव्हती.

ती उणीव भरून काढण्याचा यत्न ९ मार्च २०१८ च्या निकालानें केला. शुद्धीवर असतां माणसानें आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवावी, हें घटनापीठानें मान्य केलें. विषाची सुई टोंचून मारण्यास मुभा नाहीं. ज्यानें गुण येणार नाहीं तो उपचार न करणें वा काढून घेणें, एवढेंच. आरंभीं त्या पत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. २४ जानेवारी २०२३ रोजीं ती अट गेली; दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे झाले. पत्र स्वेच्छेनें, दडपणावांचून लिहिलें आहे अशी खात्री त्यांनीं करून घ्यावयाची. वेळ आली म्हणजे डॉक्टरांचें एक मंडळ, व त्यानंतर दुसरें मंडळ, रोग्यास तपासतें. लिहिणारास तें पत्र केव्हांही रद्द करतां येतें. अटी अजूनही पुष्कळ आहेत अशी तक्रार ऐकूं येते. मला त्या जाचक वाटत नाहींत. सकवारबाईंस विचार बदलावयास दुसरा दिवस मिळाला नव्हता.

गेल्या वर्षीं मीं माझें पत्र लिहिलें. एक प्रत नगरपालिकेच्या कचेरींत दिली, एक थोरल्या बंधूंच्या मुलास. वेळ आली तर निर्णय सांगावयाचा तो त्यानें व माझ्या मुलीनें मिळून, असें त्यांत लिहिलें आहे. पुतण्यानें कागद दोनदां वाचला. मग, 'काका, दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीखालीं तारीख राहिली आहे,' एवढेंच म्हणाला, आणि आम्ही दोघे ती घालून घेण्यास पुन्हां निघालों.