बोळातल्या कॉफीहाऊसमध्ये

घाम पुसा आणि माझ्या मागून या. १९८०च्या दशकातलं वॉशिंग्टन, उन्हाळ्याची रात्र. हवा इतकी दमट की सदरा पाठीला चिकटलाय. अमेरिकी संसदेचा घुमट इथून फार लांब नाही, पण घरांमागच्या या बोळात पर्यटक फिरकत नाहीत. पूर्वी बग्ग्या ठेवायच्या त्या जुन्या इमारतीचं दार ढकला. हेच एनिकॲली कॉफीहाऊस.

कॉफी, सिगारेट, अत्तर, घाम, सगळे वास एकदम अंगावर येतात. सरकून बसा; शेजाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लागणारच. जमलेले बहुतेक जण कृष्णवर्णीय आणि समलिंगी. शहरातल्या गोऱ्यांच्या गे बारमध्ये दारावर यांच्याकडेच दोन-तीन ओळखपत्रं मागतात. इथे कुणी काही मागत नाही. बघा, माणसं किती मोकळी हसतायत!

शू... कवी एसेक्स हेम्फिल उभा राहिलाय. शेजारी त्याचा साथीदार वेसन जोन्स. एकाची ओळ संपायच्या आत दुसरा ती उचलतो, पोवाड्यात झीलकरी उचलतात तशी. मग दोघं एका दमात, मग पुन्हा वेगवेगळे. पुरुषाचं पुरुषावरचं प्रेम, देहाची ओढ, घरातलं एकटेपण. आईच्या कानावर जाऊ नये म्हणून जन्मभर गिळलेलं सगळं इथे खणखणीत आवाजात ऐकू येतं. मागून कुणीतरी हुंकार देतं. तुमच्याही अंगावर काटा आला ना? माझ्या मते या माणसांची चळवळ या खोलीतच उभी राहिली. एसेक्स तर प्रकाशकाची वाट बघत बसला नाही. 'अर्थ लाइफ', 'कंडिशन्स' या पुस्तिका त्याने स्वतःच काढल्या.

आता हात घट्ट धरा, थोडं पुढे जाऊ. फिलाडेल्फिया. एसेक्सचा मित्र जोसेफ बीम १९८८मध्ये एड्सने गेलाय आणि कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांच्या लेखनाचा त्याचा दुसरा संग्रह अर्ध्यावर आहे. मुलाचं काम मुलाबरोबर जाऊ द्यायचं नाही, हे त्याच्या आईने, डोरोथी बीम यांनी ठरवलंय. एसेक्स त्यांच्या घरी कागदांत बुडालाय. जरा जपून पाय टाका, हस्तलिखितं तुडवाल!

१९९१मध्ये तोच संग्रह 'ब्रदर टू ब्रदर' नावाने छापून येतो. हातात घेऊन बघा. कल्पना जोसेफची, संपादन एसेक्सचं, सगळ्या कामाची धुरा डोरोथीबाईंची. तिघांचीही नावं पुस्तकावर आहेत.