माळ्यावरचे मशीन

परळच्या आमच्या खोलीत माळ्यावर, ट्रंक आणि जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी, गोणपाटात गुंडाळलेले एक पेट्रोलवर चालणारे गवत कापायचे मशीन आहे. दुकानदार त्याला ब्रश कटर म्हणतात, गावाकडे सगळे ग्रास कटर म्हणतात. कुंडी ठेवायलाही जागा नसलेल्या घरात हे कशाला, असे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो.

मशीन माझे एकट्याचे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढून ते नागदेवी स्ट्रीटवरून घेतले, गावच्या कब्रस्तानासाठी. मी शिक्षक, मला दिवाळीची सुट्टी हमखास मिळते, म्हणून ते सांभाळायचे आणि चालवायचे काम माझ्याकडे आले. ते हाताळता हाताळता एक प्रश्न मनात बसला. ज्या गवतासाठी याच मुंबईत एकेकाळी माणसे हवालदिल झाली होती, ते गवत कचरा कधी झाले?

गिरगावातून रोज जाणारे किती जण चर्नी रोड या नावाचा विचार करतात, कोण जाणे. 1838 साली इंग्रज सरकारने किल्ल्याबाहेरच्या मैदानावर गुरे चारण्यासाठी फी लावली. गरीब गुरेवाल्यांना ती परवडेना. तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी (‘सर’ हा किताब त्यांना पुढे मिळाला) स्वतःचे 20,000 रुपये घालून ठाकुरद्वारजवळ कुरण विकत घेतले आणि ते गुरांसाठी फुकट खुले केले. त्या चरणीवरून चर्नी रोड, असे सांगितले जाते. ठाण्याच्या चेंदणीवरून हे नाव आले असेही एक मत आहे. नावाचा वाद बाजूला ठेवला, तरी त्या काळचे 20,000 रुपये एका माणसाने गवतासाठी मोजले, ही गोष्ट उरतेच.

तेव्हाच्या मुंबईला गवत लागतच होते. घरोघरचे दूध शहरातल्याच गोठ्यांतून येई. भुलेश्वरच्या पांजरपोळात 1834 पासून जनावरे होती. 1874 मध्ये ट्राम सुरू झाली ती घोड्यांच्या जोरावर, विजेची ट्राम यायला 1907 उजाडले. आज ज्याला आपण पेट्रोल पंप म्हणतो, त्याचे काम तेव्हा गवताची गंजी करत होती. भुलेश्वरकडे रस्त्याच्या कडेला गाय बांधून गवताच्या पेंढ्या घेऊन बसलेल्या बाया अजून दिसतात. लोक पैसे देतात, पेंढी गाईपुढे टाकतात आणि पुढे जातात. या शहरात गवताला भाव उरला आहे तो बहुधा तेवढाच.

आता यंत्राकडे येऊ. गवत कापायचे पहिले यंत्र एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने 1830 साली केले. ग्लॉस्टरशायरमधल्या लोकरीच्या गिरण्यांत कापडावरची लव कातरायला फिरती पाती असलेले यंत्र वापरत. तेच तत्त्व त्याने हिरवळीला लावले. म्हणजे या यंत्राचे माहेर गिरणी! हे वाचले तेव्हा मला अब्बा आठवले. ते साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, त्यानंतर ते गिरणीत परत गेलेच नाहीत. लहानपणी बंद फाटकाच्या फटीतून आत पाहिले की पावसाळ्यानंतर माणसाच्या कमरेएवढे गवत दिसायचे. ज्या अंगणात पाळी सुटल्यावर पाय ठेवायला जागा नसे, तिथे हे गवत. ते कापायला कोणी येत नव्हते.

माझ्या मशीनची कहाणी त्यामानाने अलीकडची. 1971 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांनी मोटारी धुण्याच्या केंद्रात गरगर फिरणारे ब्रश पाहिले. त्यांनी पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्यात मासेमारीची दोरी ओवली आणि डबा एका फिरत्या यंत्राला जोडून पाहिला. गवत कापले गेले. पाते नाही, वेगाने फिरणारा नायलॉनचा धागा! साचेखात्यात धाग्याने कापड विणणाऱ्याच्या मुलाच्या हातात आता धाग्याने गवत कापायचे यंत्र आहे.

हे यंत्र वापरणे वाटते तितके सोपे नाही. पेट्रोलमध्ये टूटी ऑइल मापात मिसळावे लागते. कमी पडले तर इंजिन जाम होते, जास्त झाले तर धूर. काम संपले की टाकी रिकामी करायची, नाहीतर जुने पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकटते. चाळीत तर पेट्रोलचा थेंबही ठेवायचा नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण खडा गोळीसारखा उडतो. कबरींच्या दगडांजवळ लोखंडी पाते लावायचे नाही, धागाच लावायचा.

आमच्या गावी हे काम पूर्वी कोयत्या-विळ्याने होई. शेजारच्या वाडीतले एक कुणबी दादा पावसाळा सरल्यावर येत, चार-पाच दिवसांत कब्रस्तान बेणून देत आणि गवत आपल्या बैलांसाठी भारे बांधून नेत. पैशाचा व्यवहार नव्हता. त्यांना वैरण मिळे, आम्हाला वाट मोकळी मिळे. दादा थकले, बैल विकले गेले, त्यांची मुले बदलापूरला आली. मग आम्ही मशीन घेतले. मशीन चार दिवसांचे काम एका सकाळी करते. पण कापलेल्या गवताचा भुगा होतो, मातीत मिसळतो, आणि उरलीसुरली गुरेही त्याला तोंड लावत नाहीत.

पहिल्या वर्षी मी उत्साहाने सगळे सपाट केले. दुपारी एक खाला आल्या आणि आपल्या नवऱ्याच्या कबरीपाशी उभ्या राहिल्या. त्यांनी तिथे सब्जा लावला होता. गवताबरोबर तोही गेला होता. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “मास्तर, दादांचा विळा सब्जा ओळखायचा.”

मी खाली मान घातली. दोन कबरींवर ओली फांदी दुभंगून लावणाऱ्या पैगंबरांची (स.) हदीस मीच मुलांना शिकवलेली. फांदी वाळेपर्यंत तरी त्यांची यातना हलकी होईल, ही त्यामागची आशा. हनफी फिकहच्या किताबांत कब्रस्तानातले ओले गवत कापणे मकरूह म्हटले आहे, वाळलेले काढायला हरकत नाही. आम्ही कोकणी शाफई, पण त्यामागची नजर समजायला मजहब आड येत नाही. हिरवे जे आहे, ते कोणासाठी तरी आहे.

तेव्हापासून आमचा नियम ठरला आहे. मशीन फक्त वाटांवर आणि कुंपणालगत चालवायचे. कबरींजवळ विळा, तोही गवत वाळल्यावर. मागच्या खेपेला वाळलेल्या गवताचे सहा भारे निघाले. गावात आता दोनच घरी गुरे आहेत, त्यातले एक दादांच्या पुतण्याचे. भारे त्याच्याकडे पोचवले. त्याने पैसे विचारले. दादांनी आम्हाला कधी विचारले नव्हते, मग आम्ही कसे घेणार?

यंदा सब्ज्याचे बी घेऊन जाणार आहे. खालांनी मागितलेले नाही.