खंदकांनी खोटा पाडलेला सिद्धान्त

काही जाती जन्मतःच लढवय्या आणि बाकीच्या सैन्याला नालायक, असा सिद्धान्त ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांनी मांडला. सरसेनापती रॉबर्ट्स हा त्याचा मोठा पुरस्कर्ता. १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार सैनिकांची नावे कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली असूनही १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली. दाद मिळाली नाही. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत मात्र या सिद्धान्ताची परीक्षा झाली.

मेसोपोटेमियात कूत येथे वेढ्यात सापडलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्यांना सोडवायला निघालेल्या फौजेपुढे हन्ना येथे तुर्कांचे खंदक आडवे होते. एका बाजूला टायग्रिस नदी, दुसऱ्या बाजूला दलदल. वळसा घालायला वाट नाही. २१ जानेवारी १९१६ रोजी थोडा वेळ तोफा डागून पायदळ उघड्या मैदानात सोडले गेले. पावसाने रान भिजलेले. केनवडच्या काळ्या मातीत भर पावसाळ्यात जो चालला असेल, त्याला चिखलात पाऊल उचलणे म्हणजे काय ते सांगायला नको. आणि येथे समोरून गोळ्या येत होत्या. सुमारे २,७०० माणसे मेली वा जखमी झाली. एप्रिलमध्ये सन्नैयात येथे तीनदा हल्ला झाला, तीनदा फसला. २९ एप्रिलला कूत पडले. सुमारे १३,००० लोक कैद झाले. त्यांच्या सुटकेच्या प्रयत्नात सुमारे २३,००० बळी आणि जखमी झाले होते.

तोफा कमी पडल्या, एवढेच कारण नव्हते. फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर सात दिवस भडिमार झाला, तरी १ जुलै १९१६ या एका दिवसात ब्रिटिशांचे १९,२४० सैनिक मेले. जमिनीत खोल दडलेले मशीनगनवाले भडिमार थांबताच वर आले; काटेरी तारा बऱ्याच ठिकाणी तुटल्याच नव्हत्या. जेथे पहिली फळी फुटली, तेथेही यश टिकले नाही. मार्च १९१५ मध्ये न्यूव शापेलला हिंदी व ब्रिटिश सैनिकांनी गाव काही तासांत घेतले. पण टेलिफोनच्या तारा तुटल्या, मागच्या सेनापतींचा हुकूम पुढे पोचेना, कुमक रखडली. हल्ला करणारा खणलेल्या रानातून पायी चालत होता; बचाव करणाऱ्याची कुमक मागून रेल्वेने येत होती. १९१८ मध्ये तोफखाना, रणगाडे, विमाने आणि पायदळाच्या छोट्या तुकड्या यांचा मेळ बसला, तेव्हा कोंडी फुटली.

याचा अर्थ स्पष्ट आहे. शौर्याची वाण कुठेच नव्हती. ‘लढवय्या’ म्हणून निवडलेले सैनिकही तारेपुढे तसेच पडले. मशीनगनने कोणाची जात विचारली नाही.

मग माणसे अपुरी पडू लागली आणि १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. कालची ‘नालायक’ जात एका हुकुमाने लायक ठरली. युद्ध संपले, आणि १९२१ साली पलटण मोडली. पुन्हा महायुद्ध आले तेव्हा, १९४१ साली, महार रेजिमेंट निघाली. दार दोन्ही वेळा सरकारच्या गरजेने उघडले. गरजेने उघडलेले दार गरज सरली की बंद होते, हे १९२१ ने दाखवून दिले. म्हणून लायकी सिद्ध करीत बसण्यापेक्षा हक्क मागणे, हाच या इतिहासाचा आपल्यासाठी धडा आहे.