साष्टीतील ख्रिस्ती धर्मग्राम आणि वस्तीपातळीवरील नेतृत्व : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

मुंबई उपनगरांतील कॅथॉलिक ख्रिस्ती समाजाचा इतिहास बहुधा पोर्तुगीज राजवट, मिशनरी संघ, चर्चच्या वास्तू आणि बिशपांच्या कारकिर्दी यांच्या आधारे लिहिला गेला आहे. प्रस्तुत निबंधात हाच इतिहास गावठाण, पाखाडी आणि क्रूस या वस्तीपातळीवरून पाहिला आहे. साष्टीतील धर्मग्रामांवर तीन मोठी संकटे आली : १७३९ चे सत्तांतर, एकोणिसाव्या शतकातील रोगसाथी व अधिकारक्षेत्राचा वाद आणि विसाव्या शतकातील शहरीकरण. या तिन्ही प्रसंगी मंडळी टिकून राहिली ती प्रामुख्याने प्रापंचिकांच्या स्थानिक नेतृत्वामुळे, असे येथे प्रतिपादन केले आहे. नवागतांचे स्वागत करताना मूळ यजमान समाजाच्या भाषेचे काय झाले, हा प्रश्नही विचारात घेतला आहे.

बीजसंज्ञा : साष्टी, ईस्ट इंडियन, गावठाण, धर्मग्राम, प्रापंचिक, छोटे ख्रिस्ती समुदाय.

१. प्रस्तावना

आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या नावांनी ओळखला जाणारा प्रदेश पूर्वी साष्टी बेटाचा भाग होता. ‘षट्षष्टी’ म्हणजे सहासष्ट गावे, यावरून हे नाव पडले असे मानले जाते. गोव्यातही याच नावाचा तालुका असल्याने अभ्यासकांनी दोहोंत गल्लत होऊ न देण्याची काळजी घ्यावी लागते. येथील मूळ ख्रिस्ती समाज कुणबी, कोळी, भंडारी, आगरी आदी स्थानिक जातींमधून आलेला असून त्याची बोली मराठीच आहे. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ची स्थापना झाली आणि या समाजाला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव रूढ झाले.

धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील भाविकांचा समुदाय. तो कशाच्या बळावर टिकतो, नव्याने येणाऱ्यांना सामावून कसे घेतो आणि त्याचे नेतृत्व कोण करतो, हे प्रश्न केवळ धार्मिक नाहीत. स्थलांतराने घडलेल्या महानगरात स्वयंसेवी संस्था कशा तगून राहतात, या व्यापक सामाजिक प्रश्नाशी त्यांचा संबंध आहे.

२. प्रारंभकाळ : सत्तेच्या छायेतील विस्तार

१५३४ च्या तहान्वये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व तिच्या अखत्यारीतील प्रदेश पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. त्यानंतर साष्टीच्या उत्तर भागात फ्रान्सिस्कन आणि दक्षिण भागात जेझुइट संघाने कार्य आरंभिले. वांद्रे येथील सेंट अँड्र्यू चर्च १५७५ चे, तर अंधेरीनजीक कोंडिविटे-मरोळ परिसरातील सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च १५७९ चे मानले जाते.

या विस्ताराचे वर्णन निखळ स्वागताचा इतिहास म्हणून करणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. बोरिवलीजवळचे मंडपेश्वर हे मूळचे शैव लेणे. फ्रान्सिस्कनांनी त्याचे रूपांतर ख्रिस्ती उपासनास्थळात केले. तेथील एका भिंतीवर कोरलेला क्रूस आजही दिसतो. राजसत्तेचा दबाव, जमिनीच्या सवलती आणि धर्मोपदेश यांची त्या काळी सरमिसळ होती. नेतृत्व युरोपीय धर्मगुरूंच्या हाती होते व स्थानिक भाविकाची भूमिका प्रामुख्याने अनुयायाची होती.

तथापि एका क्षेत्रात स्थानिक भाषेला वाव मिळाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) सर्वपरिचित आहे. मुंबई-साष्टीच्या बोलीत सतराव्या शतकात फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश यांनी ख्रिस्ताच्या दुःखभोगांवर पुराण रचले आणि ते या भागातील ख्रिस्ती कुटुंबांत उपवासकाळात वाचले जाऊ लागले. पुराणवाचन घरात किंवा अंगणात होऊ शकते आणि वाचणारा प्रापंचिकही असू शकतो. पुढच्या काळात या गोष्टीला फार महत्त्व आले.

३. १७३९ नंतर : आश्रयाविना टिकलेली मंडळी

१७३७ मध्ये साष्टी आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली वसई मराठ्यांच्या ताब्यात आली. युरोपीय धर्मसंघ निघून गेले, त्यांचे मठ ओस पडले आणि चर्चना मिळणारा राजाश्रय संपुष्टात आला. ज्या धर्माचा पाया केवळ राजसत्तेवर आहे असे समजले जात होते, तो अशा वेळी लोप पावेल असे कोणासही वाटले असते. प्रत्यक्षात तसे घडले नाही.

यामागे दोन कारणे दिसतात. पहिले, मराठा प्रशासनाने येथील ख्रिस्ती रयतेच्या उपासनेस मुभा दिली. फ्रेंच प्रवासी आंक्तिल द्यु पेराँ १७६० च्या सुमारास साष्टीतून गेला, तेव्हा ख्रिस्ती सण उघडपणे साजरे होत असल्याचे त्याला आढळले. दुसरे, युरोपीयांची जागा गोमंतकातून आलेल्या एतद्देशीय धर्मगुरूंनी घेतली. त्यांची संख्या थोडी आणि साधने तुटपुंजी होती. त्यामुळे दैनंदिन धर्मजीवनाचा भार प्रापंचिकांवर पडणे अपरिहार्य होते. सायंप्रार्थना, जपमाळ, उपवासकाळातील वाचन, आजाऱ्याजवळची प्रार्थना आणि अंत्ययात्रेची व्यवस्था ही कामे वडीलधाऱ्या स्त्री-पुरुषांना पार पाडता येण्याजोगी होती.

ब्रिटिशांनी १७७४ मध्ये साष्टी घेतली व १७८२ च्या सालबाईच्या तहाने तिचा ताबा कायम झाला. त्या वेळी त्यांना येथे जिवंत ख्रिस्ती समाज आढळला. पस्तीसहून अधिक वर्षे राजाश्रयाविना काढलेल्या मंडळीची ही स्थिती तिच्या अंतर्गत सामर्थ्याची साक्ष देते.

४. एकोणिसावे शतक : दुफळी आणि रोगसाथी

ब्रिटिश अमलात बाह्य संकट ओसरले, परंतु अंतर्गत कलह वाढला. पोर्तुगालच्या राजाला असलेला धार्मिक आश्रयाधिकार (पाद्रोआदो) आणि रोमची प्रोपगांडा संस्था यांच्यातील वादामुळे १७९४ पासून मुंबईत दुहेरी अधिकारक्षेत्र निर्माण झाले. एकाच परिसरातील भाविक दोन वेगळ्या बिशपांच्या आज्ञेत विभागले गेले. १८५३ मध्ये माहीम येथे बिशप हार्टमन चर्चमध्ये असताना विरोधकांनी त्या चर्चला वेढा घातला, इतका हा वाद विकोपास गेला होता. नेतृत्वाचा प्रश्न ‘अधिकार कोणाचा’ एवढ्यापुरता उरला की मंडळीची शक्ती कशी खर्ची पडते, याचे हे बोलके उदाहरण होय. १९२८ च्या करारानंतर दमण धर्मप्रांत विसर्जित होऊन साष्टीतील धर्मग्राम मुंबईच्या महाधर्मप्रांतात समाविष्ट झाले आणि दुहेरी अधिकारक्षेत्र संपले.

वरिष्ठ पातळीवर हा वाद चालू असताना वस्तीपातळीवर वेगळाच इतिहास घडत होता. १८४० च्या साथीत सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या परिसरातील गावकऱ्यांनी आपली जुनी वस्ती सोडली. त्यांचे उपासनास्थळ मरोळ येथे स्थलांतरित झाले. आजचे सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्च हे त्याचेच उत्तराधिकारी आहे. वास्तू मागे राहिली, मंडळी मात्र पुढे गेली. धर्मग्राम म्हणजे इमारत नव्हे, ही गोष्ट त्या गावकऱ्यांनी कृतीने दाखवून दिली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. या काळात उपनगरांतील गावठाणांमध्ये आणि पाखाड्यांमध्ये अनेक क्रूस उभारले गेले. रोगनिवारणाचे साकडे, मृतांची स्मृती आणि एकत्र प्रार्थनेची जागा असे या क्रूसांचे तिहेरी प्रयोजन होते. क्रूसासमोर लदीन म्हणण्यास धर्मगुरूची उपस्थिती आवश्यक नसते. पाखाडीतील एखादी आजी किंवा जाणता गृहस्थ प्रार्थना सुरू करतो, इतर प्रतिसाद देतात आणि शेवटी उकडलेले चणे वाटले जातात. या साध्या उपचारात नेतृत्वाचे एक पूर्ण शिक्षण सामावलेले आहे : वेळ पाळणे, सर्वांना बोलावणे, खर्चाची वर्गणी गोळा करणे आणि भांडलेल्या घरांनाही एका ठिकाणी आणणे.

५. रेल्वे, स्थलांतर आणि बदललेला यजमान

१८५३ मध्ये मुंबई-ठाणे लोहमार्ग आणि १८६७ मध्ये विरारपर्यंतची उपनगरी रेल्वेसेवा सुरू झाली, तेव्हापासून साष्टीच्या शहरीकरणाची बीजे पेरली गेली. १९५० आणि १९५७ मध्ये ही उपनगरे टप्प्याटप्प्याने बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. विमानतळ, मरोळची औद्योगिक वसाहत आणि गृहनिर्माण वसाहती यांसाठी शेतजमिनी गेल्या. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सीप्झ या निर्यातक्षेत्राच्या कुंपणात १५७९ च्या चर्चचे अवशेषही आले. वर्षातून एकदा, मे महिन्यात, तेथे मिस्सा होतो आणि विखुरलेले गावकरी त्या निमित्ताने एकत्र येतात.

याच काळात गोवा, मंगळूर, केरळ आणि तामिळनाडूतून आलेली ख्रिस्ती कुटुंबे उपनगरांत स्थिरावली. स्थलांतरितांच्या स्वागताचा एक नमुना मुंबई शहरात आधीपासूनच होता. धोबी तलाव व माझगाव भागांतील गोमंतकीय ‘कुडां’मध्ये प्रत्येक गावाने आपल्या खलाशांसाठी व नोकरी शोधणाऱ्यांसाठी निवासाची सोय केली होती आणि तेथे सायंप्रार्थनेचा नियम असे. हे स्वागत आपल्याच गावच्या माणसासाठी होते. उपनगरांतील आव्हान अधिक अवघड होते, कारण येथे भिन्न भाषा, भिन्न चालीरीती आणि भिन्न आर्थिक स्तर असलेल्यांना एकाच चर्चमध्ये बसायचे होते.

या आव्हानास महाधर्मप्रांताने दिलेला प्रतिसाद म्हणजे १९८० च्या दशकापासून रुजविलेले छोटे ख्रिस्ती समुदाय. त्या वेळी मुंबईचे आर्चबिशप असलेले सायमन पिमेंटा (कार्यकाळ १९७८ ते १९९६, कार्डिनल १९८८) हे मरोळचे भूमिपुत्र होते. साहाय्यक बिशप बॉस्को पेन्हा यांचे नाव या उपक्रमाशी विशेषत्वाने जोडले जाते. त्याची कार्यपद्धती सोपी आहे. धर्मग्रामाचे लहान विभाग पाडायचे, प्रत्येकात शेजारची काही कुटुंबे घ्यायची आणि त्यांच्यातूनच प्रेरक निवडून त्यांना प्रशिक्षण द्यायचे. बैठका घरोघरी होतात. शुभवर्तमानाचे वाचन झाल्यावर विभागातील आजारी, बेरोजगार, नव्याने राहावयास आलेले कुटुंब यांची विचारपूस होते. हजारो भाविकांच्या चर्चमध्ये नवागत अनोळखीच राहतो; शेजारच्या खोलीतील बैठकीत त्याला नावाने हाक मारली जाते.

ही व्यवस्था संपूर्णतः नवीन मानता येत नाही. क्रूसाभोवतीच्या पाखाडीचेच ते इमारतींच्या युगातील रूप आहे. फरक एवढाच की पाखाडीत सर्वजण एकमेकांचे नातलग होते, इमारतीत ते प्रयत्नपूर्वक शेजारी व्हावे लागतात.

६. मर्यादा आणि अनुत्तरित प्रश्न

या व्यवस्थेच्या दोन मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. पहिली अधिकाराची. १९८३ च्या चर्च विधिसंहितेनुसार धर्मग्रामाच्या पालकीय परिषदेचे मत केवळ सल्लादायी असते. अंतिम निर्णय प्रमुख धर्मगुरूंचा असतो. त्यामुळे वस्तीपातळीवर कष्ट करणाऱ्यांना, ज्यांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे, निर्णयप्रक्रियेत कितपत स्थान मिळेल हे बव्हंशी धर्मगुरूंच्या स्वभावावर अवलंबून राहते.

दुसरी मर्यादा भाषेची. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली. वसईच्या धर्मग्रामांत ती मराठीने घेतली. १९९८ मध्ये तेथे स्वतंत्र धर्मप्रांत झाला. मुंबईच्या उपनगरांत मात्र बहुभाषिक भाविकांची सोय म्हणून इंग्रजी प्रबळ ठरली. केरळमधील सिरो-मलबार भाविकांसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला आणि त्यांना स्वतःच्या परंपरेत उपासना करता येऊ लागली. परंतु ज्यांच्या जमिनीवर ही चर्च उभी आहेत, त्या गावठाणातील वृद्धांना आपल्या बोलीतील प्रार्थना क्रूसापुरती उरलेली दिसली. पाहुण्यांचे स्वागत करता करता यजमान स्वतःच्या घरी पाहुणा झाला, ही त्यांची खंत निराधार म्हणता येणार नाही.

या संदर्भात प्रॉटेस्टंट परंपरेतील रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा प्रयोग स्मरणीय आहे. मिशनच्या नोकरीतून मुक्त होऊन १९१७ मध्ये त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोन्ही ख्रिस्तानुयायांना त्यात स्थान होते आणि भजन-कीर्तनादी एतद्देशीय उपासनापद्धती हे त्याचे माध्यम होते. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाल्याने तो प्रयोग फार काळ चालला नाही. तरीही बाहेरच्यास आत घेताना आतल्याची भाषा सोडावी लागत नाही, हा त्याचा आशय मोलाचा आहे.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) राजाश्रय, वास्तू किंवा बाहेरून आलेले नेतृत्व नाहीसे झाल्यावरही साष्टीतील धर्मग्राम टिकले. याचे श्रेय घर, पाखाडी व क्रूस या पातळीवरील प्रापंचिक नेतृत्वाकडे जाते.

२) अधिकारक्षेत्राच्या वादांनी मंडळी दुभंगली, सामायिक संकटांत वाटून घेतलेल्या जबाबदारीने ती सांधली गेली.

३) नवागतांचे स्वागत मोठ्या समारंभापेक्षा लहान समूहात अधिक परिणामकारक ठरते, कारण तेथे व्यक्तीची ओळख होते आणि तिच्यावर काहीतरी काम सोपविता येते.

४) यजमान समाजाची भाषा व स्मृती जपली गेली नाही, तर स्वागताचे रूपांतर विस्थापनात होण्याचा धोका असतो.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहून किंचित कमी आहे. संख्येने लहान असलेल्या या समाजाचा वस्तीपातळीवरील इतिहास धर्मग्रामांच्या बाप्तिस्मा व विवाह नोंदवह्यांत, क्रूसांवरील कोरीव लेखांत आणि गावठाणातील वृद्धांच्या स्मरणात विखुरलेला आहे. पुनर्विकासाच्या रेट्यात क्रूस हलविले जात आहेत आणि जुनी पिढी मावळत आहे. उपनगरांतील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी हे साधन-संकलन आपल्या परिसराचा अभ्यास म्हणून हाती घेतल्यास केवळ ख्रिस्ती समाजाच्या नव्हे, तर मुंबईच्या सामाजिक इतिहासातील एक मोठी उणीव भरून निघेल.