पोल पॉटची खुर्ची

शेजारच्या देशात सैन्य घुसवणारा वाईटच, हे गणित बहुतेक वेळा बरोबर येतं. कंबोडियाच्या बाबतीत मात्र ते काही केल्या जुळत नाही बघा.

१७ एप्रिल १९७५ ला पोल पॉटच्या ख्मेर रूजने राजधानी नॉम पेन्ह घेतली. मग शहरं रिकामी केली, चलन रद्द केलं आणि सगळ्यांना भातशेतीवर जुंपलं. पावणेचार वर्षांत भूक, रोगराई आणि कत्तलीत साधारण १७ लाख माणसं गेली. देशाची लोकसंख्याच मुळात ८० लाखांच्या आतबाहेर! तुओल स्लेंग नावाचा तुरुंग तर आधी चक्क शाळा होती.

२५ डिसेंबर १९७८ ला व्हिएतनामने मोठी चढाई केली आणि ७ जानेवारी १९७९ ला नॉम पेन्ह पडलं. हे काही भूतदयेपोटी नव्हतं हं. ख्मेर रूज सीमा ओलांडून व्हिएतनामी गावं कापत होते. एप्रिल १९७८ मध्ये एकट्या बा चुकमध्ये तीन हजारांवर माणसं मारली. पण हेतू काहीही असो, कत्तल थांबली ती या आक्रमणामुळेच.

आणि जगाने काय केलं? चीनने १७ फेब्रुवारीला व्हिएतनामला 'धडा शिकवायला' हल्ला केला. आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री वाजपेयी नेमके चीनच्याच दौऱ्यावर होते. दौरा अर्धवट टाकून परतले. संयुक्त राष्ट्रांत कंबोडियाची खुर्ची कुणाची, यावर सप्टेंबर १९७९ मध्ये मतदान झालं. ७१ विरुद्ध ३५ मतांनी ती ख्मेर रूजकडेच राहिली! अमेरिकेचं मतही त्यांच्याच बाजूने. सोव्हिएत गोटातल्या व्हिएतनामचा फायदा होऊ नये, एवढंच कारण. १९८० मध्ये भारताने नव्या सरकारला मान्यता दिली, पण असे देश मोजकेच.

याची किंमत भरली कंबोडियाच्या लोकांनी. ख्मेर रूज थायलंडच्या सीमेवर तग धरून राहिले, चीनकडून शस्त्रं येत राहिली. त्यांना रोखायला नॉम पेन्हच्या सरकारने सीमेवर सुरुंगांचा पट्टा पेरला, त्यासाठी गावकऱ्यांना सक्तीने जंगलात धाडलं. कित्येक जण तिथे मलेरियाने गेले. व्हिएतनामी सैन्य १९८९ मध्ये परतलं. पोल पॉट १९९८ मध्ये जंगलात, अंथरुणात मेला. आंतरराष्ट्रीय मदतीने चाललेल्या खटल्यांचं काम २०२२ मध्ये संपलं, शिक्षा झाली फक्त तिघांना.

७ जानेवारीला कंबोडियात सरकारी सुट्टी असते, विजयदिनाची. सरकारचे विरोधक त्याच तारखेला व्हिएतनामी ताब्याची सुरुवात म्हणतात.