पल्लावरमचा खड्डा आणि चेन्नईची तहान

३० मे १८६३. मद्रासजवळच्या पल्लावरम छावणीच्या परिसरात मुरमासाठी एक लहानसा खड्डा खणलेला होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील २८ वर्षांचे अधिकारी रॉबर्ट ब्रूस फूट यांना त्या खड्ड्यातून उपसलेल्या मालात क्वार्टझाइटचा एक दगड दिसला. त्याच्या कडा निसर्गाने झिजवलेल्या नव्हत्या, त्या माणसाच्या हाताने घडवलेल्या होत्या. ती पुराश्मयुगीन हातकुऱ्हाड होती. भारतात माणसाचा वावर किती प्राचीन आहे, या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास या दगडापासून सुरू झाला.

हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. चारच वर्षे आधी, १८५९ मध्ये, फ्रान्समधील सोम नदीकाठच्या अशाच वाळूगोट्यांच्या खाणी पाहून प्रेस्टविच आणि इव्हान्स या इंग्रज अभ्यासकांनी तेथील दगडी हत्यारांच्या प्राचीनतेला मान्यता दिली होती. रस्ते आणि इमारती यांसाठी माणूस जमीन उकरतो आणि उकरताना नकळत आपलाच भूतकाळ वर काढतो. मात्र तो ओळखणारी नजर तेथे त्याच दिवशी असावी लागते. एरवी हातकुऱ्हाडही खडीबरोबर रस्त्यात दाबली जाते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये फूट आणि त्यांचे सहकारी विल्यम किंग यांना मद्रासच्या वायव्येस अत्तिरंपाक्कम येथे असंख्य हत्यारे मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधन केलेल्या शांती पप्पू यांनी पुढे तेथे उत्खनन केले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार तेथील सर्वांत जुनी हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची ठरली.

पल्लावरमची दुसरी ओळख तेथील खडकाची. कोलकात्यातील जॉब चार्नॉक यांच्या थडग्याचा काळसर, चिवट दगड याच भागातला असल्याचे थॉमस हॉलंड यांनी १८९० च्या दशकात दाखवले आणि खडकाला ‘चार्नोकाइट’ हे नाव दिले. सेंट थॉमस टेकडीजवळची त्याची उघडी शिळा आज राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. पण बांधकामाला हाच दगड उत्तम. शहर वाढत गेले, तसतशा भोवतालच्या टेकड्या खडी होऊन त्यात मिसळल्या आणि मागे राहिले ते खोल, उभ्या कडांचे खड्डे.

त्यांचे करायचे काय? पुस्तकी उत्तर ठरलेले आहे: खड्डा भरावा, वर माती पसरावी, झाडे लावावीत. प्रत्यक्षात दगड आणि मुरूम ही कायद्याच्या भाषेत ‘गौण खनिजे’. त्यांचे नियम राज्यांच्या हाती, आणि देखरेख बहुधा नावाप्रमाणेच गौण. पाच हेक्टरांहून लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी घ्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये दिला, तोवर असंख्य खाणी खणून, रिकाम्या करून सोडून दिलेल्या होत्या. ‘भराव’ या गोंडस शब्दाखाली अशा खड्ड्यांत कचरा आणि बांधकामाचा राडारोडा ओतला जातो. त्यांत पोहायला उतरलेली मुले बुडाल्याच्या बातम्याही येत राहतात.

पल्लावरमच्या वायव्येस, मांगाडूजवळच्या सिक्करायपुरम येथील खाणींच्या वाट्याला मात्र वेगळे भवितव्य आले. २०१६ चा ईशान्य मोसमी पाऊस फसला. चेन्नईला वर्षाचा निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर याच काळात मिळतो, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात जलाशय आटले. तेव्हा या सोडून दिलेल्या खाणींत वर्षानुवर्षे साचलेले पावसाचे पाणी तपासले गेले आणि २०१७ मध्ये ते चेंबरंबाक्कमच्या शुद्धीकरण केंद्रात नेण्यास सुरुवात झाली. दिवसाला सुमारे ३ कोटी लिटर! महानगराच्या गरजेपुढे हा वाटा लहानच. पण एरवी उपद्रव समजल्या जाणाऱ्या खड्ड्यांनी तो दिला होता.

यामागचे भौतिकशास्त्र सोपे आहे. चेन्नईचे जुने तलाव पसरट आणि उथळ. उन्हाळ्यात त्यांच्या विस्तीर्ण पृष्ठभागावरून पाण्याची झपाट्याने वाफ होते. खाण अरुंद आणि खोल असते, म्हणून तितक्याच पाण्याचा कमी भाग उन्हाला सामोरा जातो. शिवाय अखंड कठीण खडकातून पाणी फारसे झिरपत नाही. ते जाते ते प्रामुख्याने भेगांतून. या गुणांना दुसरी बाजूही आहे. खोल, स्थिर पाण्यात तळाशी प्राणवायू कमी पडतो, शेवाळ माजते, आणि एकदा कचरा पडला की त्याचा अर्क भेगांवाटे आसपासच्या विहिरींपर्यंत पोहोचू शकतो. म्हणजे एकच खड्डा जलाशय आणि उकिरडा अशी दोन्ही कामे करू शकत नाही. निवड पहिला ट्रक रिकामा होण्याआधीच करावी लागते.

२०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे चारही मुख्य जलाशय जवळजवळ कोरडे पडले. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले होते, तशीच पाण्याची गाडी १२ जुलै रोजी जोलारपेट्टैहून चेन्नईत आली. एका खेपेत २५ लाख लिटर. ती येण्याआधीच सिक्करायपुरमच्या खाणींत पंप पुन्हा उतरवले गेले होते.